सांध्याची विद्या

वसईचें नांव निघालें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत पहिल्यानें किल्ला उभा राहतो. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं तो पोर्तुगीजांकडून घेतला, आणि तेथील गिरिजाघरांतल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या. त्यांपैकीं कांहीं आजहि भीमाशंकरास, नाशिकला नारोशंकराच्या देवळांत व वाईजवळ मेणवलीस पाहावयास मिळतात. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं त्या वाजविल्याहि असतील. इतिहासकार या घंटांकडे विजयचिन्हें म्हणून पाहतात. मला आज त्यांच्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहावयाचें आहे. घंटा ही एका ओतानें घडलेली वस्तु. तिला सांधा नाहीं. तिला तडा गेला तर पूर्वीचा नाद परत येईल असा सांधा घालण्याची युक्ति त्या काळच्या ओताऱ्यापाशीं नव्हती. फुटकी घंटा पुन्हा वितळवून नवी ओतावी लागे.

आतां त्याच वसईंत आजचा देखावा पाहा. स्टेशनाच्या पूर्वेस, महामार्गाच्या बाजूला, गोखिवरें, सातिवली, वालीव या भागांत लहान कारखान्यांचे गाळे रांगेनें उभे आहेत. कोठें लोखंडी दरवाजे होतात, कोठें टांक्या, कोठें यंत्रांचे सांगाडे. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून निळसर पांढरा प्रकाश लखकन् चमकतो, विझतो, पुन्हा चमकतो. आंत वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा तोंडापुढें काळ्या कांचेची ढाल धरून बसलेला असतो, आणि ज्या गोष्टीपुढें जुने ओतारी हात टेकीत ती गोष्ट, म्हणजे धातूला धातु वितळवून जोडणें, तो दिवसांतून शंभर वेळां करतो. हें त्याला कोणीं शिकविलें? आणि असें कोणालाहि शिकवितां येतें, हें आपल्या समाजाला केव्हां उमगलें? वसईच्या किल्ल्याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. या मुलाच्या हाताचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी कागदपत्रांत या कारागिराला ‘संधाता’ असें नांव आहे; फिटरला ‘जोडारी’ आणि टर्नरला ‘कातारी’. कातारी हा शब्द जुना व जिवंत आहे. जोडारीहि कानाला खटकत नाहीं. संधाता मात्र कागदावरच राहिला. गाळ्यांत सगळे त्याला वेल्डर म्हणतात, आणि मला वाटतें तेंच बरोबर आहे. आपल्याकडे पूर्वीं सांधे जोडणारे होते, पण त्यांचीं नांवें जातींचीं होतीं: लोहार, तांबट, सोनार. वेल्डर नांवाची जात कधींच नव्हती. तेव्हां परक्या धंद्याला परकें नांव राहिलें तर बिघडलें कोठें?

लोहाराचा जुना सांधा कसा असे तें आधीं समजून घेतलें पाहिजे. दोन लोखंडी तुकडे भट्टींत घालून, भाता चालवून, ते लाल, मग पिवळे, मग पांढरे होईपर्यंत तापवावयाचे. या तावाला लोखंडाच्या अंगावर जळलेल्या लोखंडाचा थर धरतो, आणि तो मध्यें राहिला तर सांधा धरत नाहीं. म्हणून त्यावर बारीक वाळू किंवा टांकणखार टाकावयाचा. त्यानें तो थर पातळ होऊन वाहूं लागतो आणि ऐरणीवर घणाचा घाव बसतांच ठिणग्यांबरोबर बाहेर उडतो. स्वच्छ लोखंडाला स्वच्छ लोखंड भेटतें आणि दोहोंचें एक होतें. ताव कमी पडला तर तुकडे चिकटत नाहींत. जास्त झाला तर लोखंड जळून जातें. लोहारापाशीं उष्णतामापक यंत्र नव्हतें. रंग हेंच त्याचें माप. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं गुप्तांच्या काळांत घडला, तो लोखंडाचे गोळे तापवून एकमेकांवर ठोकून जोडण्याच्या याच रीतीनें. त्याचें वजन सहा टनांहून अधिक आहे.

ही विद्या शिकविणारी शाळा म्हणजे भाता. आठ-दहा वर्षांचा मुलगा प्रथम भात्यावर बसे. त्याला कोणी व्याख्यान देत नसे. पण दिवसभर ज्वाळेकडे पाहतां पाहतां कोणत्या रंगाला बाप तुकडा बाहेर काढतो, हें त्याच्या डोळ्यांत मुरे. मग त्याच्या हातीं घण येई, आणि पुष्कळ वर्षांनीं सांडशी. ज्याच्या हातांत सांडशी तो उस्ताद. सारें आयुष्य शिकविण्यांत घालविलेला माणूस म्हणून मी सांगतों, याहून चांगली शिकविण्याची पद्धति मला ठाऊक नाहीं. तिचा दोष एकच, पण तो मोठा होता. या शाळेचें दार घरांत उघडे आणि घरांतच मिटे. तांबटाचा मुलगा तांबट, लोहाराचा लोहार. इतरांना त्या भट्टीपाशीं बसण्याचें कारण नव्हतें, आणि बसूं म्हटलें तरी बसवून घेणारें कोणी नव्हतें. एखाद्या घरचा वंश खुंटला कीं त्या घरची युक्तीहि त्याच्याबरोबर जाई, कारण ती कोठें लिहिलेली नसे.

धंदा आणि जन्म यांची ही गांठ सोडविण्याचा आपल्या इलाख्यांतला एक आरंभींचा प्रयत्न मुंबईस शिवडी येथें झाला. ‘बॉम्बे टाइम्स’ पत्राचे संपादक डॉ. जॉर्ज ब्यूइस्ट यांनीं १८५० सालीं तेथें उद्योगशाळा काढली. त्याच वर्षीं सरकारनें उमेदवारीचा कायदा केला: दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला त्याच्या बापाला किंवा पालकाला करार करून धंदा शिकण्यासाठीं ठेवितां यावें, आणि हा करार सात वर्षांहून अधिक मुदतीचा नसावा. त्या कायद्याचा मुख्य रोख अनाथ व दानधर्मावर वाढणाऱ्या गरीब मुलांकडे होता. पुढें १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या देणगींतून सुधारगृह निघालें, तेंहि वाट चुकलेल्या मुलांसाठीं. या आरंभाबद्दल कृतज्ञ राहूनहि एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. हातानें शिकावयाचें तें अनाथानें किंवा गुन्हेगार पोरानें, हा शिक्का या शिक्षणावर तेव्हां बसला, आणि पांढरपेशा घरांतून तो अजून पुरता पुसला गेलेला नाहीं. त्याच मुंबईंत १८५७ सालींच विश्वविद्यालय स्थापन झालें. आपल्या सुशिक्षितांनीं कोणत्या दारापुढें रांग लावली, हें सांगावयास नको.

त्यानंतर १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली व १८९० सालीं बडोद्यास महाराज सयाजीरावांच्या आश्रयानें प्रा. गज्जर यांचें कलाभवन निघालें. देशी भाषांतून धंदेशिक्षण द्यावें हा गज्जरांचा आग्रह आजहि विचार करण्यासारखा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर या मुंबईच्या संस्थेंतच शिक्षक होते. पुढें त्यांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. परंतु या थोर संस्थांचा इतिहास आपल्याला परिचित आहे. आपल्या विषयाला अधिक जवळचे आहेत ते रेल्वेचे पूल आणि कारखाने.

२८ नोव्हेंबर १८६४ रोजीं सुरतेहून मुंबईस ग्रँट रोडपर्यंत आगगाडी आली, आणि पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांनीं वाहणाऱ्या वसईच्या खाडीवर लोखंडी पूल उभे राहिले. त्या काळच्या लोखंडी कामांत सांधे जोडले जात ते रिव्हेट, बोल्ट व खिळी यांनीं. रिव्हेटाचें काम चौघांचें असे. एक जण रिव्हेट लाल तापवी, दुसरा तो सांडशीनें भोंकांत बसवी, तिसरा मागून टेकू देई आणि चौथा पुढचें टोंक ठोकून पसरी. थंड होतांना रिव्हेट आकसतो आणि पत्रे आवळून धरतो. हा सांधा विश्वासू खरा. पण भोंकें पाडल्यानें पत्रा दुबळा होई आणि एकावर एक पत्रा चढवावा लागल्यानें वजन वाढे. परळ, माटुंगा येथील रेल्वेच्या मोठ्या कारखान्यांत उमेदवारी करणाऱ्या मुलांनीं लोखंड ओळखलें तें अशा कामांवर. भात्याची जागा कारखान्यानें घेतली होती, बापाची जागा मिस्त्रीनें.

मग वीज आली. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कोळशाच्या दोन कांड्यांमध्यें विजेची प्रखर ज्योत पेटवून दाखविली होती. ती कमानीसारखी वांकते म्हणून तिला आर्क हें नांव पडलें. तिनें लोखंड जोडावें ही कल्पना १८८० नंतरच्या दशकांत रशियांतील बेनार्डोस यानें अमलांत आणली. १८८८ सालीं त्याच देशांतील स्लाव्ह्यानोव्ह यानें कोळशाऐवजीं धातूचीच कांडी घेतली. म्हणजे जी कांडी ज्योत पेटविते तीच वितळून सांध्यांत भरते. पुढें स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गनें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्या कांडीला लेप दिला. लेप जळून वायु निघतो तो वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झांकून ठेवितो, आणि उरलेलें कीट सांध्यावर पांघरुणासारखें गोठतें. आपल्या लोहाराची वाळू व टांकणखार यांचेंच हें नवें रूप, असें म्हटलें तर तें चुकीचें होणार नाहीं. त्याच सुमारास, १९०३ सालीं, फ्रान्समध्यें ऑक्सिजन व ॲसिटिलीन या दोन वायूंच्या ज्योतीची बत्ती निघाली. लोखंड सुमारें पंधराशें अंशांवर वितळूं लागतें. या ज्योतीची उष्णता तीन हजार अंशांच्या वर जाते.

तरी या युक्तीवर कारखानदारांचा विश्वास बसला तो युद्धामुळें. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली, तेव्हां तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांवरील खलाशांनीं आपल्या जहाजांचीं यंत्रें फोडून ठेविलीं होतीं. नवे भाग ओतून आणावयाचे म्हणजे फार काळ गेला असता; विजेच्या सांध्यानें तीं जहाजें थोड्या महिन्यांत समुद्रावर गेलीं. फुटलेली घंटा जोडतां येत नव्हती. फुटलेलें यंत्र आतां जोडतां येऊं लागलें. १९२० सालीं इंग्लंडांत बर्कनहेड येथें ‘फुलागार’ हें संपूर्णपणें वेल्डिंगनें जोडलेलें, खोल समुद्रावर जाणारें पहिलें जहाज पाण्यांत उतरलें.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें याच रीतीनें २७१० लिबर्टी जहाजें बांधलीं, आणि जोडणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. कालपर्यंत ज्यांनीं लोखंडाला हात लावलेला नव्हता, त्या स्त्रिया कांहीं आठवड्यांच्या शिक्षणानें जहाजें जोडूं लागल्या. परंतु १६ जानेवारी १९४३ रोजीं पोर्टलंड येथें ‘शेनेक्टडी’ नांवाचें नवें तेलवाहू जहाज, वादळ नाहीं, लाट नाहीं, अशा शांत पाण्यांत धक्क्याला उभें असतांना मधोमध दुभंगलें. चौकशींत पुष्कळ कारणें निघालीं: थंडींत ठिसूळ होणारें पोलाद, रचनेंतले तीक्ष्ण कोपरे, आणि कांहीं ठिकाणीं सदोष सांधे. रिव्हेटाच्या जहाजांत फट एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबते. वेल्डिंगच्या जहाजांत सारें कलेवर एकसंध. फट धांवूं लागली कीं तिला अडविणारें कोणी नाहीं. सांधा वरून सुंदर दिसतो, पण आंत काय आहे तें डोळ्याला कळत नाहीं, ही गोष्ट त्या रात्रीनंतर साऱ्या जगाला पटली. वेल्डरला शिकविणें म्हणजे वेल्डरला तपासणें, हा या धंद्याचा नियम अशा अपघातांनीं पक्का केला.

हिंदुस्थानांतहि युद्धानेंच दार उघडलें. दारूगोळ्याच्या कारखान्यांना व लष्कराला कारागीर हवे होते, आणि सात पिढ्या थांबावयास युद्धाला सवड नव्हती. १९४० सालीं सरकारच्या मजूर खात्यानें तंत्रशिक्षणाची योजना सुरू केली. शाळा-कॉलेजांच्या कार्यशाळांतून व कारखान्यांतून थोड्या महिन्यांत माणसें तयार होऊं लागलीं. इंग्लंडचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नांवाची दुसरी योजना १९४१ सालीं सुरू झाली. तींत हिंदी कामगार इंग्लंडांत नेऊन, लेचवर्थ येथील शिक्षणकेंद्रांत व पुढें निरनिराळ्या कारखान्यांत त्यांना हातानें काम शिकविलें गेलें. घरापासून हजारों मैलांवर, परक्या कुटुंबांत राहून, हातांत कानस घेऊन शिकणारा हिंदी तरुण ही त्या काळीं नवीनच गोष्ट होती. विलायतेस जाऊन बॅरिस्टर होणाऱ्यांचे सत्कार आपल्याकडे वाजत गाजत झाले. या मंडळींच्या स्वागताला फारसें कोणी बोरीबंदरावर गेलें असेल असें मला वाटत नाहीं.

युद्ध संपलें तरी ती रचना मोडली नाहीं. सैन्यांतून परत आलेल्यांसाठीं, नंतर फाळणीनें निर्वासित झालेल्यांसाठीं तिचा उपयोग झाला, आणि १९५० सालीं भारत सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आपल्या गांवोगांवच्या आय. टी. आय. तिच्यांतूनच आल्या. १९५१ सालीं मुंबईंत अडवानी-ऑर्लिकॉन ही कंपनी निघाली व लेपाच्या कांड्या देशांत बनूं लागल्या. १९६१ सालीं उमेदवारीचा नवा कायदा आला. १८५० च्या कायद्याचा रोख अनाथांकडे होता, या नव्या कायद्यानें कारखान्यांवर उमेदवार घेण्याचें बंधन घातलें आणि उमेदवाराला विद्यावेतनाचा हक्क दिला. एकशेंअकरा वर्षांत एवढें अंतर आपण चाललों.

वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, आणि आठवी उत्तीर्ण झालेल्यालाहि तो खुला आहे. अलीकडच्या मांडणींत वर्षाच्या १२०० तासांपैकीं ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. आरंभीं मुलाला जोडावयास कांहींच देत नाहींत. सपाट पत्र्यावर नुसती ज्योत पेटवावयाची. कांडी पत्र्याला टेकली तर चिकटते, दूर नेली तर ज्योत विझते. कांडीच्या जाडीएवढें अंतर राखून, ती जळून आंखूड होत असतां त्याच मानानें हात खालीं आणीत, एक सरळ ओळ ओढावयाची. मग पत्रा आडवा, मग उभा, आणि शेवटीं डोक्यावर. डोक्यावरच्या सांध्यांत वितळलेलें लोखंड खालीं पडूं पाहतें. त्याला वर धरून ठेविणारी शक्ति केवळ हाताच्या लयींत असते. हें पुस्तकांत लिहितां येतें, पण पुस्तकांतून शिकतां येत नाहीं.

माझ्या वर्गांत शेवटच्या बांकावर बसणारा एक मुलगा होता. कर्तरि आणि कर्मणि प्रयोगांची त्याची सरमिसळ शेवटपर्यंत सुटली नाहीं. पुढें तो वर्षभर हें काम शिकून वालीवच्या बाजूला एका गाळ्यांत लागला. त्यानें घातलेली शिवण मीं पाहिली. माशाच्या खवल्यांसारखी, एकावर एक सारख्या अंतरानें चढलेली; अशी एकहि ओळ त्याच्या वहींत मला कधीं दिसली नव्हती. त्याच्या शेजारीं बसणाऱ्यांत एक वाडवळ, एक डोंगराकडच्या पाड्यावरचा आणि दोघे उत्तर प्रदेशांतून आलेले. चौघांपैकीं एकाचाहि बाप लोहार नव्हता. ज्या धंद्याला आपल्याकडे जातच नव्हती, त्याला बापाचा धंदा विचारण्याची संवयहि लागली नाहीं, याचें मोल या चौघांना पाहिल्यावर कळतें.

मात्र सगळेच असे शिकून येत नाहींत. पुष्कळ मुलें थेट गाळ्यांत ‘हेल्पर’ म्हणून लागतात. माल उचलतां उचलतां, जेवणाच्या सुटींत उस्तादाची कांडी हातांत घेऊन ती शिकतात. ही भात्याचीच जुनी शाळा, आणि हात येथेंहि उत्तम तयार होतो; वेग तर संस्थेपेक्षां लवकर येतो. पण या शिक्षणाची फी डोळ्यांनीं भरावी लागते. आर्कच्या प्रकाशांतले अदृश्य किरण उघड्या डोळ्यावर पडले तर त्या वेळीं कांहींच कळत नाहीं; सहा-आठ तासांनीं, रात्रीं अंथरुणावर, डोळ्यांत वाळू भरल्यासारखें खुपूं लागतें. मग मुलें डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवितात आणि सकाळीं पुन्हा कामावर जातात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बंद जागेंत जोडला तर त्याच्या धुरानें हींव भरून ताप येतो. त्यावर गूळ खाण्याचा सल्ला मिळतो. बटाट्यानें थंडावा वाटत असेल, गूळहि गोड लागत असेल. पण कांच आणि खिडकी यांचें काम तीं करूं शकत नाहींत. योग्य काळ्या कांचेची ढाल ही कांहीं फार किमतीची वस्तु नव्हे. ती कां धरावयाची हें सांगणारा कोणी भेटला नाहीं, एवढेंच पुष्कळदां त्या मुलाचें दुर्दैव असतें.

संस्थेंत हें पहिल्या आठवड्यांत सांगतात. वायूच्या बत्तीचें उदाहरण पाहा. ऑक्सिजनची नळकांडी काळी आणि ॲसिटिलीनची तांबूस, हें तर खरेंच. पण अंधारांत रंग दिसला नाहीं तर? म्हणून ऑक्सिजनच्या जोडाला उजवा आटा असतो आणि ॲसिटिलीनच्या जोडाला डावा. चुकीची नळी चुकीच्या तोंडाला बसूंच शकत नाहीं. ऑक्सिजनच्या झडपेला तेलाचा हात लावावयाचा नाहीं, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनशीं तेलाची गांठ पडली तर तें भडकतें. आटा कां डावा, हें ज्यानें विचारलें व ज्याला उत्तर मिळालें, तो मुलगा पुढें नव्या यंत्रापुढेंहि गोंधळत नाहीं. गाळ्याचा वेग आणि संस्थेचें हें ‘कां’ एकाच मुलाला मिळावें, हें उमेदवारीच्या कायद्यानें साधावयाचें होतें. वसईसारख्या ठिकाणीं, जेथें कारखाने लहान लहान आणि रोजचा माल रोज द्यावयाचा, तेथें मालकाला शिकविण्यापुरती फुरसत कशी मिळावी हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

परीक्षेची रीत मात्र सर्वत्र एकच आहे. दोन पत्रे जोडून झाले कीं सांध्याच्या आडव्या दिशेनें त्यांच्या पट्ट्या कापतात. पट्टी दाबयंत्रांत घालून, सांधा बरोबर बांकावर येईल अशी, दोन्ही पाय समांतर होईपर्यंत वांकवितात. एका पट्टींत सांध्याचें तोंड बाहेर, दुसरींत मूळ बाहेर. बाहेरच्या अंगावर तीन मिलिमीटरांहून लांब फट दिसली तर पट्टी नापास, असा बहुतेक ठिकाणीं दंडक असतो. परीक्षक पट्टी खिडकीच्या उजेडांत धरून बांकावरून अंगठा फिरवितो, आणि ज्यानें ती जोडली तो मुलगा ढाल बगलेंत धरून शेजारीं उभा असतो.